जोडीने फिरणारे तारे : एका शोधाचा इतिहास

स्मरणिकेसाठी "विद्यार्थ्यांना आणि पालकांना उपयोगी पडेल असे काहीतरी लिहा" असा चिटणीस साहेबांचा निरोप आला, तेव्हा काय लिहावे हा प्रश्न मला पडला नाही. एक जुनी चूक दुरुस्त करावयाची राहिली होती, तीच कागदावर उतरवावी असे ठरविले.

झाले असे की, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत नववीतील एका मुलाने फार जोरदार भाषण केले. तो म्हणाला, "दोन तारे एकमेकांभोवती फिरतात हा शोध युरोपने लावला असे पुस्तकात लिहितात. पण आपल्या बुजुर्गांना ते हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होते. म्हणून तर डोळा मिचकावणाऱ्या एका ताऱ्याला त्यांनी 'गूल', म्हणजे भूत, असे नाव दिले!" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षक म्हणून मी बसलो होतो. टाळी मीही वाजविली आणि त्याला पहिला क्रमांकही दिला.

घरी आल्यावर मात्र मनाला चुटपुट लागली. मी इतिहासाचा विद्यार्थी. वर्गात मुलांना रोज सांगतो की पुराव्यावाचून विधान करू नका. मग या विधानाचा पुरावा मी का विचारला नाही? विधान गोड होते म्हणून? सुटीत जमतील ती पुस्तके मिळवून वाचली. त्या वाचनातून जे हाती लागले ते त्या मुलाच्या भाषणाहून अधिक मनोरंजक आहे. तेच येथे थोडक्यात सांगतो.

दिसणारी जोडी आणि खरी जोडी

प्रथम विषय नीट समजून घेऊ. रात्री आकाशात कित्येक ठिकाणी दोन तारे अगदी लगत दिसतात. पण लगत दिसणे म्हणजे लगत असणे नव्हे. बंदरावरून पाहताना जवळच्या होडीचा दिवा आणि दूरच्या जहाजाचा दिवा शेजारी शेजारी दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यात मैलोगणती अंतर असते. ताऱ्यांचेही तसेच. काही जोड्या केवळ दिसण्यापुरत्या असतात. काही मात्र खऱ्या असतात. त्यांतील दोन्ही तारे गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असून दोघांच्या मधल्या एका बिंदूभोवती फिरत राहतात.

दोन मुली फुगडी घालताना आपण पाहतो. दोघी सारख्या वजनाच्या असल्या तर दोघी सारख्याच फिरतात. एक मोठी व एक लहान असली तर मोठी जागच्या जागी थोडीशीच हलते आणि लहान मोठा फेर घेते. युग्मताऱ्यांची गती नेमकी अशीच असते. हे फुगडीचे उदाहरण वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढे ते पुन्हा उपयोगी पडेल.

सप्तर्षींच्या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून असलेली अंधुक अरुंधती आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत. विवाहाच्या वेळी वधूला अरुंधती दाखविण्याची चाल हिंदू समाजात आहे. अरबांनी याच अंधुक ताऱ्याला 'सुहा' म्हटले आणि नजर किती तीक्ष्ण आहे हे पाहण्यासाठी त्याचा उपयोग केला. अरबीत एक म्हणही आहे : मी त्याला सुहा दाखवितो आणि तो मला चंद्र दाखवितो. बारीक गोष्ट समजावू पाहावी आणि ऐकणाऱ्याने ढोबळ गोष्टीवरच बोट ठेवावे, अशा प्रसंगी ती वापरतात. वसिष्ठाला युरोपीय ग्रंथांत 'मिझार' म्हणतात. हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ कमरेचे वस्त्र. आपल्या 'इजार' शब्दाशी त्याचे नाते आहे.

अल्-सूफीने काय केले, काय केले नाही

आता त्या 'गूल'कडे वळू. ययाती तारकासमूहात 'अल्गोल' नावाचा तारा आहे. मूळ अरबी शब्द 'रअस अल्-गूल', म्हणजे गूलचे मस्तक. हे नाव तारा डोळा मिचकावतो म्हणून पडले काय? नाही. ग्रीक ज्योतिषी टॉलेमी याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात हा तारा एका राक्षसीच्या कापलेल्या मस्तकात दाखविला होता. नवव्या शतकात बगदादमध्ये त्या ग्रंथाचे अरबीत भाषांतर झाले, तेव्हा ग्रीक राक्षसीच्या जागी अरबांना परिचित असलेला गूल आला. नाव भाषांतरातून आले, निरीक्षणातून नव्हे.

अब्दुर्रहमान अल्-सूफी (९०३ ते ९८६) हा त्या काळचा फार मोठा निरीक्षक. इराणात बुवैही राजा अदुद्दौला याच्या आश्रयाने त्याने इ. स. ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवरील आपला ग्रंथ लिहिला. टॉलेमीची यादी डोळे मिटून उतरवून न घेता त्याने एकेका ताऱ्याची तेजस्विता स्वतः पाहून नोंदविली व जेथे टॉलेमी चुकला तेथे तसे स्पष्ट लिहिले. ४८ तारकासमूहांची प्रत्येकी दोन चित्रे दिली. एक आकाशात दिसते तसे आणि दुसरे खगोलावर काढतात तसे. देवयानी समूहातील अंधुक ढगासारखा ठिपका त्यानेच प्रथम ग्रंथात नोंदविला. आज आपण त्यास देवयानी दीर्घिका म्हणतो.

परंतु अल्गोलचे तेज कमी-जास्त होते, असे अल्-सूफीने कोठेही लिहिलेले नाही. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, हेही लिहिलेले नाही. जे नाही ते आपण त्याच्या नावावर चढविणे हा त्याचा सन्मान नव्हे. ज्याने टॉलेमीसारख्याची चूक दाखविण्याचे धैर्य केले, त्याचे नाव घेऊन खोटी बढाई मारणे हे त्याच्या शिकवणुकीच्या उलटच आहे.

दुर्बिणीनंतर

१६१७ साली गॅलिलिओ आणि त्याचा शिष्य कास्टेली यांनी मिझारकडे दुर्बीण वळविली, तेव्हा त्या एका ताऱ्याच्या जागी दोन दिसले. म्हणजे सुहा वेगळाच; मिझार स्वतःच जुळा होता! त्यानंतर अशा जोड्या अधूनमधून सापडत राहिल्या. त्यांतील एक आपल्या देशात सापडली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १६८९ च्या डिसेंबर महिन्यात पाँडिचेरी येथे फ्रेंच पाद्री रिशो धूमकेतू पाहत असताना त्यांना नरतुरंग समूहातील अल्फा सेंटॉरी हा ठळक तारा दुहेरी असल्याचे दिसले. सूर्याच्या सर्वांत जवळची तारकांची वस्ती ती हीच.

तरीही सर्वांची समजूत अशी होती की या जोड्या दिसण्यापुरत्याच असाव्यात. त्या समजुतीला पहिला धक्का गणिताने दिला. १७६७ साली इंग्लंडमधील जॉन मिचेल यांनी हिशेब मांडला की, तारे आकाशात कसेही विखुरलेले असते तर ते इतके जवळ जवळ कितीदा आले असते? कृत्तिकांचा पुंजका केवळ योगायोगाने बनण्याचा संभव पाच लाखांत एक इतका अल्प आहे, असे त्यांचे उत्तर आले. जोड्यांबाबतही त्यांचा निष्कर्ष तोच होता. यांतील बहुतेक तारे खरोखरच एकमेकांचे सोबती असले पाहिजेत. मात्र हा तर्क होता. डोळ्यांनी पाहिलेला पुरावा अद्याप यावयाचा होता.

अठरा वर्षांचा मूकबधिर तरुण

विद्यार्थी मित्रहो, हा भाग विशेषतः तुमच्यासाठी आहे.

जॉन गुडरिक याचा जन्म १७६४ सालचा. बालपणीच्या आजारात त्याची श्रवणशक्ती गेली. सुदैवाने त्याच्या घरच्यांनी त्याला घरात बसवून ठेवले नाही. एडिंबरो येथे मूकबधिर मुलांसाठी असलेल्या शाळेत आणि नंतर वॉरिंग्टन येथील विद्यालयात त्याला शिकविले. पुढे यॉर्क शहरी राहत असताना शेजारच्या एडवर्ड पिगट यांच्या संगतीने त्याला ताऱ्यांचा नाद लागला.

अल्गोलचे तेज बदलते, हे इटलीतील मोंतानारी यांनी १६६७ च्या सुमारास पाहिले होते. पण ते बदलणे नियमित आहे काय, हे कोणी तपासले नव्हते. नोव्हेंबर १७८२ मध्ये गुडरिकने अल्गोल मंद झालेला पाहिला. आपल्याच डोळ्यांवर त्याचा विश्वास बसेना. मग तो रात्रीमागून रात्री शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करीत नोंदी ठेवू लागला. काही महिन्यांत नियम सापडला. दर २ दिवस व सुमारे २१ तासांनी अल्गोलचे तेज एक तृतीयांशाहूनही खाली जाते आणि काही तासांत तो पुन्हा पूर्ववत होतो. घड्याळाच्या काट्याप्रमाणे!

१७८३ साली त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. कारण काय असावे? त्याने दोन शक्यता मांडल्या. एकतर एखादा मोठा काळोखा गोल ताऱ्याभोवती फिरत असेल आणि दर फेरीत मध्ये येऊन ग्रहण लावीत असेल. किंवा ताऱ्यावर डाग असतील आणि तारा फिरताना ती बाजू आपल्याकडे येत असेल. पहिली शक्यता बरोबर होती. परंतु ते निर्विवादपणे सिद्ध व्हावयास शंभरांहून अधिक वर्षे लागली. १८८९ साली जर्मनीत फोगेल यांनी वर्णपटाच्या साहाय्याने ते दाखवून दिले.

सोसायटीने त्याला त्याच वर्षी कोप्ली पदक दिले. १७८६ च्या एप्रिलमध्ये तिने त्याला सदस्यत्वही दिले. पण ती बातमी पोहोचण्यापूर्वीच तो वारला. वय अवघे २१! ज्या मुलाला ऐकू येत नव्हते त्याला पाहता येत होते, आणि त्याला शिकविणाऱ्यांनी तेवढ्यावर भरवसा ठेवला. मला वाटते, पालकांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

हर्शेल भावंडे

विल्यम हर्शेल हे व्यवसायाने संगीतकार. इंग्लंडमधील बाथ शहरी ते वाद्यवादनाच्या शिकवण्या करीत आणि रात्री स्वतः घासून बनविलेल्या दुर्बिणींनी आकाश पाहत. १७७९ पासून त्यांनी जोडताऱ्यांचा पद्धतशीर शोध आरंभिला. त्यांची धाकटी बहीण कॅरोलाइन नोंदी ठेवी, आकडेमोड करी, याद्या तयार करी. १७८१ साली युरेनस हा ग्रह त्यांना सापडला तो याच जोडताऱ्यांच्या शोधात!

गंमत अशी की, हर्शेल शोधीत होते एक आणि सापडले दुसरेच. त्यांना ताऱ्यांची अंतरे मोजावयाची होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हा जवळचा तारा दूरच्या ताऱ्याच्या तुलनेने किंचित सरकलेला दिसावा. आपण बोट डोळ्यांसमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला म्हणजे बोट सरकल्यासारखे दिसते, तसे. त्यासाठी त्यांना एक तारा जवळ व एक दूर अशा, केवळ दिसण्यापुरत्या जोड्याच हव्या होत्या. १७८२ च्या यादीत त्यांनी २६९ आणि १७८५ च्या यादीत आणखी ४३४ जोड्या नोंदविल्या.

सुमारे वीस-पंचवीस वर्षांनी त्यांनी त्याच जोड्या पुन्हा मोजल्या. काही जोड्यांतील तारे सरकले होते. पण पृथ्वीच्या वार्षिक फेरीप्रमाणे नव्हे. ते एकमेकांभोवती फिरत होते! मिथुन राशीतील कॅस्टर हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. १८०३ साली हर्शेल यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. कॅस्टरच्या त्या दोन ताऱ्यांना एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे साडेचारशे वर्षे लागतात, असे आज आपणास ठाऊक आहे. त्या फेरीचा लहानसा तुकडाच हर्शेल यांनी पाहिला, पण तेवढा पुरेसा झाला. हाती आलेली गोष्ट अपेक्षेविरुद्ध असतानाही त्यांनी ती मान्य केली, हा त्यांचा मोठेपणा.

पुढे १८२७ साली फ्रान्समधील साव्हारी यांनी सप्तर्षी समूहातील एका जोडीची कक्षा गणिताने काढली. ही जोडी सुमारे ६० वर्षांत एक फेरी करते. तिचे 'अलुला' हे नावही अरबीच. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम सूर्यमालेबाहेरही तसाच लागू पडतो, याचा हा ठसठशीत पुरावा ठरला.

न दिसणारे सोबती

आता फुगडीची आठवण करू. समजा, फुगडी घालणाऱ्या दोघींपैकी एकच आपल्याला दिसते आहे. तरीही तिच्या डुलण्यावरून दुसरी आहे हे ओळखता येईल. १८४४ साली जर्मन ज्योतिषी बेसेल यांनी व्याधाच्या ताऱ्याबाबत हेच केले. व्याध आकाशात सरळ न जाता नागमोडी जातो, म्हणून त्याला न दिसणारा सोबती असला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. १८६२ च्या जानेवारीत अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहम क्लार्क नव्या दुर्बिणीची परीक्षा घेत असताना तो सोबती प्रत्यक्ष दिसला. ही जोडी सुमारे ५० वर्षांत एक फेरी करते. हा सोबती म्हणजे सूर्याइतके द्रव्य पृथ्वीएवढ्या आकारात कोंबलेला 'श्वेत बटू'. असे तारे किती जड असू शकतात याचे गणित सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९३० साली केले, ते मुंबई बंदरातून इंग्लंडला निघालेल्या बोटीवर.

आपल्या पुण्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. मुंबई इलाख्याच्या अभियंता दलातील कॅप्टन विल्यम जेकब यांनी पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली व १८४५ ते १८४८ या काळात २४४ जोडताऱ्यांची मोजमापे घेतली. पुढे ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. १८६२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याजवळील उंच जागी नवी वेधशाळा काढण्यासाठी ते विलायतेहून परत आले. परंतु मुंबईस उतरल्यावर थोड्याच दिवसांत पुण्यास त्यांचे निधन झाले.

काही जोड्या इतक्या जवळच्या असतात की कोणत्याही दुर्बिणीतून त्या एकच तारा दिसतात. त्यांना पकडले वर्णपटाने. आगगाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढा वाटतो, दूर जाताना उतरतो. प्रकाशाचेही तसेच होते. १८८९ साली हार्वर्ड वेधशाळेत पिकरिंग यांनी मिझारच्या वर्णपटातील रेषा कधी एक तर कधी दोन दिसतात हे पाहिले. म्हणजे दुर्बिणीत दिसलेल्या दोहोंपैकी एक तारा पुन्हा जुळा! त्याच वर्षी तेथे काम करणाऱ्या अँटोनिया मॉरी या तरुण विदुषीने सारथी समूहात असाच दुसरा तारा शोधला. त्याची फेरी अवघ्या चार दिवसांची. मिझारचा दुसरा ताराही जुळाच निघाला, आणि २००९ मध्ये सुहालाही एक सोबती सापडला. वसिष्ठ-अरुंधती म्हणून आपण जे दोन ठिपके पाहतो ते मिळून सहा तारे आहेत.

जोडी जमते कशी?

आता मुख्य प्रश्न. तारे जोडीने का असतात? यावर तीन उपपत्ती मांडल्या गेल्या.

पहिली, दोन अनोळखी तारे वाटेत भेटले आणि एकमेकांना अडकले. पण ताऱ्यांमधील अंतरे अफाट आहेत. शिवाय जवळून जाणारे तारे ज्या वेगाने येतात त्याच वेगाने निघून जातात. मध्ये तिसरा कोणी तो वेग काढून घेईल तरच ते बांधले जातात. हे क्वचितच घडते. दुसरी, वेगाने फिरणारा एकच तारा चिरून त्याचे दोन झाले. हे गणिताला उतरले नाही. तिसरी, वायू व धूळ यांचा जो प्रचंड मेघ आकसून तारा बनतो, त्याचेच आकसताना तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचा तारा होतो. कधी मेघाच्या खळबळीमुळे दूर दूर तुकडे पडतात, तर कधी नवजात ताऱ्याभोवती फिरणारी वायूची चकतीच जड होऊन फुटते. आज हीच उपपत्ती सर्वमान्य आहे. २०१६ साली चिली देशातील आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने एका चकतीतून तारे बनत असल्याचे चित्र मिळविले. एका ताऱ्याजवळ दुसरा, आणि काही अंतरावर त्याच चकतीत तिसरा. ही जागाही अल्गोलच्या ययाती समूहातच आहे!

म्हणजे बहुतेक जोड्या या वाटेत भेटलेल्या प्रवाशांच्या नाहीत, त्या एकाच पाळण्यात जन्मलेल्या भावंडांच्या आहेत. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना एक किंवा अधिक सोबती असतात. फार मोठ्या ताऱ्यांत एकटे तारे विरळाच. लहान तांबड्या ताऱ्यांत मात्र सुमारे पाव भागच सोबतीचे असतात. आपला सूर्य एकटा आहे. युरोपच्या गाया यानाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत आठ लाखांहून अधिक जोड्यांची माहिती आहे.

समारोप

सुटी संपल्यावर मी त्या मुलाला बोलाविले आणि सांगितले, "बेटा, तुझ्या भाषणातील ती गोष्ट खरी नव्हती. चूक तुझ्याइतकीच माझीही आहे. मी न तपासता टाळी वाजविली." त्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग सर, आपलं त्यात काहीच नाही का?"

मी म्हणालो, "आहे. आकाशाच्या नकाशावरील शेकडो नावे अरबी आहेत, आणि ती नकाशा काढणाऱ्यांच्या मेहनतीमुळे टिकली. अल्-सूफीने काय पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले, म्हणून पुढच्यांना त्यावर भर घालता आली. आपला वाटा तेवढा आहे आणि तो लहान नाही. पण तो हजार वर्षांपूर्वीचा. पुढचा हप्ता कोणी भरावयाचा?"

त्या दिवाळीनंतरच्या थंडीत आम्ही काही मुले-मुली व शिक्षक शाळेच्या गच्चीवर जमलो. ईशान्येस ययाती वर आला होता. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून अल्गोलचे तेज वहीत लिहावयाचे, एवढेच काम. त्याला दुर्बीण लागत नाही, पैसा लागत नाही. लागते ती चिकाटी. पाच रात्री काहीच झाले नाही. सहाव्या रात्री आठवीतील एक मुलगी म्हणाली, "सर, आज तो बारीक दिसतोय." आम्ही सर्वांनी पाहिले. खरेच, तो मंदावला होता. भाषण करणाऱ्या त्या मुलाने घड्याळ पाहून वहीत वेळ लिहिली आणि वही सहीसाठी माझ्याकडे दिली. मी सही केली. या वेळी पुरावा समोर होता.